मदत हवी आहे: एपीटीला (उबुंटूतली सॉफ्टवेअर टाकायची कमांड) कुलूप लागलंय, लॉकची फाईल उडवू का?

मंडळी, मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या जुन्या स्मरणिका स्कॅन करून पडल्यात, सगळं छापील, टाईप करत बसण्यापेक्षा ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) करू म्हटलं आणि उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) वर टेसरॅक्ट हे ओसीआरचं सॉफ्टवेअर टाकायला बसलो. आधी सगळं ताजं करून घ्यावं म्हणून सुडो एपीटी अपग्रेड दिलं (कमांडी देवनागरीतच लिहितोय, दर शब्दाला कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो). लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलीये, प्लगवरच चालतो, आणि नेमकं अर्ध्यात आईने माझा प्लग काढून इडलीचं वाटायला मिक्सर लावला. स्क्रीन काळी. वर मलाच ऐकवलं की कामाच्या वेळी ओट्याजवळ कशाला बसतोस.

परत चालू केल्यावर एपीटी म्हणतं डीपीकेजी (एपीटीसाठी पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, बसवणारा प्रोग्राम) मध्येच तुटलंय, आधी सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए चालवा. ते चालवलं तर म्हणे फ्रंटएंड लॉक (एका वेळी एकानेच पॅकेजं बसवावीत म्हणून असलेलं कुलूप) दुसऱ्या प्रोसेसकडे, म्हणजे चालू प्रोग्रामकडे आहे, पीआयडी (तिचा नंबर) २१३४. टर्मिनल बंद करून उघडलं तरी तेच. एका व्हिडिओत सांगितलंय की व्हार/लिब/डीपीकेजी मधली लॉक-फ्रंटएंड फाईल आरएम करा (उडवा), झालं काम. खाली ढीगभर थँक्यू आहेत. करू का?

प्रतिसाद:
अजिबात नको! ती फाईल म्हणजे कुलूप नाही हो, काही चालू नसतं तेव्हाही ती तिथेच पडलेली असते. खरं कुलूप कर्नल (सिस्टिमचा गाभा) सांभाळतो, प्रोसेस संपली की आपोआप सुटतं. फाईल उडवलीत तर पुढची कमांड नवी फाईल बनवून तिच्यावर स्वतःचं कुलूप घालणार आणि दोघं एकाच वेळी पॅकेजच्या नोंदी खरडायला लागणार, मग बसा फॉरमॅट मारत. पीएस -पी २१३४ देऊन बघा कोण आहे ते.

धागाकर्ता:
अनअटेंडेड-अपग्र असं दिसतंय, शेपूट तुटलेलं. मी तर असलं काही लावलं नव्हतं.

प्रतिसाद:
उबुंटूत ते आधीपासूनच असतं, सिक्युरिटी अपडेट गुपचूप टाकतं. तुमचं अर्धवट राहिलेलंही कदाचित तेच निस्तरत असेल. ते किल (जबरदस्तीने बंद) करू नका, इडल्या खा. संपलं की कॉन्फिगर -ए, मग सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल. आणि नुसतं टेसरॅक्ट-ओसीआर टाकू नका, त्यासोबत मराठी येत नाही, टेसरॅक्ट-ओसीआर-मार (मार म्हणजे मराठी) वेगळं मागावं लागतं.

धागाकर्ता:
दादा, झालं! वीसेक मिनिटांनी कुलूप सुटलं, कॉन्फिगर -ए ने राहिलेली पॅकेजं बसवली, फिक्स-ब्रोकनला करायला काही उरलंच नव्हतं. मग अजून दोनदा आपटलो. टेसरॅक्टला सरळ पीडीएफ दिली, ते घेतच नाही, म्हणून पॉपलर-युटिल्स टाकून पीडीएफटूपीपीएम -आर ३०० -पीएनजी ने पानांची चित्रं केली. पहिल्या पानावर रोमन अक्षरांचा नुसता भुगा आला, तर मी -एल मार लिहायलाच विसरलो होतो, न सांगता ते इंग्रजीच समजतं. ते लिहिल्यावर अध्यक्षांचं मनोगत जवळजवळ जसंच्या तसं आलं, जोडाक्षरं थोडी हुकलीयेत, ती हाताने करीन.

एकच राहिलं. वर्गणीदारांच्या यादीत डावीकडे नावं, उजवीकडे रुपये आहेत. हे आधी सगळी नावं ओळीने लिहितंय आणि खाली सगळे आकडे. कोणाचे ५१ आणि कोणाचे ११ तेच कळेना, आणि यातले अर्धे काका अजून हयात आहेत.

प्रतिसाद:
--पीएसएम ६ लावून बघा, पान कॉलमात न तोडता आडवी ओळ वाचतं.

धागाकर्ता:
लागलं! फक्त मधली टिंबटिंब रेघ कचऱ्यासारखी येतेय, ती फाइंड-रिप्लेसने काढतो. लॅपटॉप आता हॉलमध्ये हलवलाय.