उपग्रह प्रतिमा वाचायला कसं शिकवावं? सल्ला हवा

भूगोलशिक्षिका:
नमस्कार. नववीच्या मुलांना उपग्रह प्रतिमांचं वाचन शिकवायचं आहे. प्रतिमा दाखवली की मुलं ‘नदी’, ‘डोंगर’ म्हणून मोकळी होतात. कशावरून, असं विचारलं की गप्प. फॉल्स कलरमधलं, म्हणजे खऱ्याऐवजी मुद्दाम दिलेल्या रंगांतलं, लालभडक जंगल पाहून तर ‘आग लागलीय’ म्हणतात. सुरुवात कुठून करू? मोफत साधनंही सुचवा.

अवरक्त:
ताई, पहिल्या तासाला नाव सांगायला बंदीच घाला. फक्त वर्णन: छटा गडद की फिकी, पोत कसा, कडा सरळ की वेड्यावाकड्या, शेजारी काय आहे. सौदी अरेबियाच्या वाळवंटातली गोल शेतं यासाठी फार छान. इतकी नेमकी वर्तुळं निसर्ग अशी शेजारी शेजारी मांडत नाही, इथवर मुलं आपली आपण येतात. मध्यबिंदूभोवती फिरत पाणी फवारणारी लांबलचक नळी मग एका वाक्यात समजते.

रंगांचा धडा त्यानंतरच. हिरवं पान निकट-अवरक्त किरण भरपूर परावर्तित करतं. डोळ्यांना ते दिसत नाहीत, म्हणून त्या पट्ट्याला (उपग्रह वेगवेगळे किरण वेगवेगळ्या पट्ट्यांत टिपतो) लाल रंग देतात. पाणी तेच किरण शोषतं, म्हणून काळं दिसतं. लँडसॅट ८ या उपग्रहाने टिपलेली एकच जागा ४-३-२ (नैसर्गिक रंग) आणि ५-४-३ (निकट-अवरक्त लाल रंगात) या पट्ट्यांत शेजारी शेजारी ठेवा. आगीचा गैरसमज तिथेच संपेल.

सावली:
सावल्यांवर एक तास हवाच! लँडसॅटसारखे उपग्रह साधारण सकाळी दहा-साडेदहाला टिपतात. उत्तर गोलार्धात तेव्हा ऊन बहुधा आग्नेयेकडून येतं. प्रतिमेत उत्तर वर असते, म्हणजे ऊन खालच्या बाजूने पडतं; आपल्या डोळ्यांना मात्र उजेड वरून यायची सवय, त्यामुळे हिमालयातल्या दऱ्या चक्क डोंगररांगा वाटतात. छापील प्रतिमा उलटी धरायला सांगा, दऱ्या पुन्हा खोल दिसतात.

भूगोलशिक्षिका:
हे उद्याच करून बघते. बर्फ आणि ढग कसे वेगळे ओळखायचे? दोन्ही पांढरेच.

अवरक्त:
लघुतरंग अवरक्त पट्टा (निकट-अवरक्ताच्याही पलीकडचा) लावा. बर्फ गडद होतो, पाण्याच्या थेंबांचे ढग उजळच राहतात.

मोफत साधन म्हणाल तर कोपर्निकस ब्राउझर हे उपग्रह प्रतिमांचं संकेतस्थळ. सेंटिनेल-२ या उपग्रहांचे दृश्य आणि निकट-अवरक्त पट्टे १० मीटरचे आहेत, म्हणजे प्रतिमेतला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवरचा १० मीटर बाजूचा चौकोन. लँडसॅट ८चा ठिपका ३० मीटरचा, पण लँडसॅट मालिकेचा संग्रह १९७२पासूनचा. मध्य आशियातला अरल समुद्र आटत गेलेला त्यातच दाखवा. ठिपक्याचा आकार मात्र आधी जमिनीवर आखून घ्या. त्या चौकोनात घर, झाड, रस्ता सगळं एका रंगात मिसळतं, हे मुलांना कळलं की ‘दिसत नाही म्हणजे तिथे नाहीच’ असं कुणी लिहिणार नाही.