द्वारका सर्कल ते कसारा घाट : हायब्रिड गाडीच्या ॲव्हरेजचा हिशेब

सी-४०१ (रविवार, सकाळी ९.१०)
सर्वांना नमस्कार. सचिव साहेबांनी हा विषय सोसायटीच्या ग्रुपवर मांडायला परवानगी दिली, त्याबद्दल त्यांचे आभार. आमची डिझेल गाडी बारा वर्षांची झाली असून ती आता बदलायची आहे. पुढची गाडी साधी पेट्रोल ऑटोमॅटिक घ्यावी की हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली, यावर घरात पंधरा दिवस बोलूनही आमचे एकमत होत नाही. मी रोज पाथर्डी फाट्यावरून द्वारकामार्गे नाशिक रोडला शाळेत जाते. जाऊन-येऊन २८ किलोमीटर होतात आणि त्यातला बराच वेळ मुंबई नाका व द्वारका येथे गाडी ढकलत नेण्यातच जातो. याशिवाय महिन्यातून एकदा ठाण्याला माहेरी आणि अधूनमधून वणी, त्र्यंबकेश्वर असे जाणे होते. शोरूममध्ये हायब्रिडचे ॲव्हरेज २८ सांगितले, परंतु तिची किंमत त्याच कंपनीच्या पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा २ लाख १० हजार रुपयांनी जास्त आहे. हे पैसे खरोखर वसूल होतात का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

ए-१०३ (सकाळी ९.३५)
ताई, सर्वांत आधी एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, कारण मी स्वतः तिथे फसलो आहे. काही वर्षांपूर्वी मी जी गाडी घेतली, तिच्या मागे ‘हायब्रिड’ असे चकचकीत अक्षर होते आणि विक्रेत्याने ‘साहेब, ही बॅटरीवरही चालते’ असे तोंडाने सांगितले होते. प्रत्यक्षात ती माइल्ड हायब्रिड होती. सिग्नलला इंजिन बंद करणे, पुन्हा अलगद सुरू करणे आणि निघताना इंजिनाला थोडा हातभार लावणे, एवढेच तिची छोटी मोटर करते. केवळ बॅटरीवर ती गाडी एक मीटरही चालत नाही. गाडी वाईट नाही, पण जे सांगून विकली ते ती नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते. त्यामुळे कोटेशनवर ‘स्ट्राँग हायब्रिड’, म्हणजे कमी वेगात केवळ मोटरवरही चालणारी, असे लिहून घेतल्याशिवाय बुकिंगची रक्कम देऊ नका.

ए-२०२ (सकाळी १०.२०)
ए-१०३ यांनी मांडलेला मुद्दा महत्त्वाचा आहे आणि सरकारनेही तो फरक पुढे मान्य केला होता. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांना सवलत देणाऱ्या, २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या फेम योजनेत माइल्ड हायब्रिडलाही सवलत मिळत होती, ती १ एप्रिल २०१७ पासून बंद करण्यात आली.

मी तेहतीस वर्षे सातपूरला डिझेल इंजिनाच्या सुट्या भागांवर काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. ज्यांना वेळ आहे त्यांनी शांतपणे वाचावे. गाडीतले पेट्रोल मुख्यतः तीन ठिकाणी वाया जाते. उभ्या गाडीत इंजिन चालू राहते तेव्हा, इंजिन अगदी हलक्या भारावर अकार्यक्षम चालते तेव्हा, आणि ब्रेक लावताना, म्हणजे पेट्रोल जाळून मिळवलेला वेग आपण ब्रेकच्या चकत्या तापवण्यात घालवतो तेव्हा. स्ट्राँग हायब्रिड या तिन्ही ठिकाणी बचत करते. गाडी उभी असताना इंजिन बंद असते, कमी वेगात मोटर गाडी ओढते, आणि ब्रेक लावताना तीच मोटर जनित्र बनून वेगातली ऊर्जा बॅटरीत परत भरते. चौथी गोष्ट लोकांना फारशी ठाऊक नसते. या गाड्यांचे इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचे असते. त्यात आत येणाऱ्या हवेची झडप उशिरा बंद होते, त्यामुळे दाबाचा टप्पा आखूड आणि प्रसरणाचा टप्पा लांब होतो व प्रत्येक थेंबातून जास्त काम निघते. अशा इंजिनाचा जोर कमी पडतो, पण ती उणीव मोटर भरून काढते. इंजिन आणि मोटर एकमेकांच्या उणिवा झाकतात, हेच या रचनेचे खरे सौंदर्य आहे, असे मला वाटते.

ही कल्पना नवी नाही. टोयोटाने ताकेशी उचियामादा यांच्या नेतृत्वाखाली तयार केलेली प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीला आणली. मोठ्या प्रमाणावर बनलेली ती पहिली हायब्रिड मोटार होय. आपल्याकडे होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड आणि टोयोटाने २०१० मध्ये प्रियस आणली, पण दोन्ही आयात केलेल्या असल्याने सामान्य माणसाला त्या परवडणे शक्यच नव्हते. खरा बदल २०२२ मध्ये झाला. त्या वर्षी होंडाची सिटी ई:एचईव्ही आली, आणि कर्नाटकात बिडदी येथील टोयोटाच्या कारखान्यात तयार होणाऱ्या हायरायडर व मारुतीची ग्रँड विटारा या जुळ्या बहिणी आल्या.

आता तुम्हाला सांगितलेल्या २८ बद्दल. हायरायडर आणि ग्रँड विटारा यांच्या स्ट्राँग हायब्रिडचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे आणि तो खोटा नाही. मात्र तो रस्त्यावर मोजलेला नसतो. गाडी रोलरवर ठेवून, एसी बंद करून, ठरावीक क्रमाने वेग कमी-जास्त करत साधारण वीस मिनिटे ती चाचणी चालते. तिच्यातला सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी ३२-३३ किलोमीटर असतो. (या चाचणीलाही एमआयडीसी म्हणतात, पण आपल्या सातपूर-अंबडच्या एमआयडीसीशी तिचा संबंध नाही.) मे महिन्यात एसी लावून द्वारकेला उभे राहणाऱ्या गाडीने तो आकडा दाखवावा अशी अपेक्षा ठेवू नये. दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगी आहे.

बी-५०४ (सकाळी ११.०५)
काकांनी फार छान समजावून सांगितले. माझ्याकडे तीन वर्षांपासून स्ट्राँग हायब्रिड आहे, म्हणून केवळ अनुभव लिहिते. कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि सीबीएस या भागात मला २१ ते २३ मिळते. महामार्गावर ताशी ८०-९० ने गेले तर १९-२० मिळते आणि समृद्धीवर १२० ने गेले की ते १६-१७ वर येते. सुरुवातीला मला हे उलटे वाटायचे, कारण जुन्या गाडीचे ॲव्हरेज नेहमी महामार्गावरच वाढायचे.

एक गोष्ट मात्र मला आजही कळत नाही. कसारा घाट उतरताना बॅटरी निम्म्यातच पूर्ण भरते, आणि त्यानंतर इंजिन पेट्रोल न जाळता मोठ्याने फिरू लागते. हा बिघाड तर नसेल ना?

ए-२०२ (सकाळी ११.४०)
ताई, हा बिघाड नाही. तुमची गाडी तुमचे ब्रेक वाचवत आहे. याचा हिशेब मांडून दाखवतो, कारण त्यातून हायब्रिडची मर्यादा नेमकी कळते. इगतपुरीकडून कसाऱ्याकडे उतरताना आपण सुमारे ३०० मीटर खाली येतो. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १,५०० किलो मानले, तर या उतारात साधारण सव्वा युनिट वीज होईल एवढी ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही हवेच्या आणि टायरच्या विरोधात जाते, पण उरलेली तरी ठेवायची कुठे? हायरायडरच्या बॅटरीची एकूण क्षमता ०.७६ युनिट, म्हणजे जेमतेम पाऊण युनिट आहे, आणि बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून गाडी ती पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली होऊ देत नाही. तांब्याभर जागेत घागरभर पाणी मावणार कसे? तांब्या भरला की गाडी इंजिनाला फिरवून त्याचा विरोध वापरते, त्याचाच तो आवाज. तुम्ही गिअरचा दांडा ‘बी’ वर घेतला तर हे काम ती अधिक लवकर सुरू करते आणि ब्रेक तापत नाहीत.

समृद्धीवरचा आकडा मात्र वेगळ्या कारणाने पडतो. तिथे ब्रेक जवळजवळ लागतच नाही, मग परत मिळवायला ऊर्जा उरत नाही. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १२० ला गेले की तो सव्वादोन पट होतो. तिथे हायब्रिड आणि चांगली पेट्रोल गाडी यांच्यातले अंतर खूपच कमी राहते.

सी-४०१ (दुपारी १२.१५)
काका, मनापासून आभार. मग माझ्या वापरात नेमके काय होईल, हेही कृपया सांगाल का? आणि बॅटरी गेली तर मोठा खर्च येतो, अशी यांना भीती आहे. तसे असेल तर सरळ इलेक्ट्रिकच का घेऊ नये, असा प्रश्न मुलगा विचारतो आहे.

डी-१०१ (दुपारी १२.५०)
बॅटरीबद्दल मी सांगतो. टोयोटा आपल्याकडे हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यातले जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत वॉरंटी देते. ती कोणत्या अटींवर चालू राहते, हे मात्र पुस्तिकेत वाचून घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मोठ्या बॅटरीपेक्षा साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीची काळजी घ्यावी, कारण ती उतरली तर हायब्रिड गाडीही सुरू होत नाही.

मुलाच्या प्रश्नामागे कंपन्यांचे आणि कराचे गणित आहे. कंपनीने विकलेल्या सर्व गाड्यांचा सरासरी धूर एका मर्यादेत ठेवण्याचा नियम आपल्याकडे आहे, आणि त्या मोजणीत एक इलेक्ट्रिक गाडी तीन गाड्यांइतकी, तर एक स्ट्राँग हायब्रिड दोन गाड्यांइतकी धरली जाते. टोयोटा, होंडा आणि टोयोटाशी हातमिळवणी केलेली सुझुकी यांनी हायब्रिडचा मार्ग धरला. टाटा आणि महिंद्रा यांनी इलेक्ट्रिकवर भर दिला. कराचा कौल मात्र स्पष्टपणे इलेक्ट्रिकच्या बाजूने आहे. इलेक्ट्रिकवर ५ टक्के जीएसटी, तर चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, जो त्याआधी उपकरासह ४३ टक्के होता. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता. आपल्या राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी आणि अटल सेतूवरची टोलमाफी इलेक्ट्रिक मोटारींना आहे, हायब्रिडला नाही.

येथे थोडे मनातले लिहितो. मी अंबडला इंजिनाच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. नाशिकमध्ये हजारो घरांची चूल इंजिनावर, इंजेक्टरवर आणि गिअरच्या दात्यांवर पेटते. इलेक्ट्रिक गाडीत यातले जवळजवळ काहीच लागत नाही. हायब्रिडमध्ये इंजिनही लागते आणि मोटर, इन्व्हर्टर, बॅटरीही लागते, म्हणजे आमच्या तरुण मुलांना जुने काम टिकवत नवे शिकायला काही वर्षे मिळतात. म्हणून मला हायब्रिडबद्दल आपुलकी आहे, हे मी लपवत नाही. पण ताईंनी त्यासाठी गाडी घ्यावी असे मी म्हणणार नाही, त्यांनी स्वतःचा हिशेब पाहावा.

ए-२०२ (दुपारी १.३०)
हिशेब असा. शाळेचे २३० दिवस धरले तर शहरात साधारण ६,५०० किलोमीटर, आणि ठाणे, वणी, त्र्यंबक मिळून ५,५०० धरतो. वाहतुकीत अडकणारी पेट्रोल ऑटोमॅटिक ११ देईल आणि हायब्रिड २२ देईल असे मानले, तर शहरातच वर्षाला २९५ लिटर वाचतात. बाहेरगावी १६ आणि १९ धरले तर केवळ ५४ लिटर वाचतात. एकूण साडेतीनशे लिटर झाले. पेट्रोल १०५ रुपये धरले तर ही बचत वर्षाला सुमारे ३६,७५० रुपयांची होते, आणि २ लाख १० हजार वसूल व्हायला पावणेसहा वर्षे लागतात. तुम्ही मागची गाडी बारा वर्षे वापरली, म्हणून तुमच्यासाठी हा व्यवहार योग्य आहे. ए-१०३ यांच्यासारखी ज्यांची गाडी आठवड्याला एकदाच निघते आणि तीही महामार्गावर, त्यांचे पैसे त्या गाडीच्या आयुष्यात वसूल होणार नाहीत. एक भर घालतो : वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, त्यामुळे दोन्ही गाड्यांचे आकडे थोडे खालीच धरावेत.

सचिव (दुपारी २.००)
इलेक्ट्रिक गाडीच्या संदर्भात माहिती देतो. पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून चार्जर बसवण्यासाठी आतापर्यंत तीन सभासदांनी अर्ज केले आहेत. ए आणि बी विंगची केबल जुनी असल्याने विद्युत ठेकेदाराचा अहवाल आल्यावर हा विषय सर्वसाधारण सभेत घेण्यात येईल. सी विंगला अडचण दिसत नाही.

सी-४०१ (पुढील शनिवार, रात्री ८.४५)
काकांच्या सांगण्यावरून आज टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या मोकळ्या रस्त्यावर न घेता संध्याकाळी साडेसहाला, ट्रिप मीटर शून्य करून आणि एसी लावून, पाथर्डी फाट्यापासून द्वारकामार्गे नाशिक रोडपर्यंत घेतली. १४ किलोमीटरला ५२ मिनिटे लागली आणि पडद्यावर २१.४ हा आकडा दिसला. मुंबई नाक्याच्या रांगेत इंजिन जवळजवळ पूर्ण वेळ बंद होते आणि क्लच दाबून दाबून रोज दुखणारा माझा गुडघा आज दुखला नाही. हा फायदा कोणत्याही हिशेबात आलेला नव्हता.

अडचण एकच निघाली. हायब्रिडची बॅटरी डिकीच्या तळाखाली असल्यामुळे डिकी पेट्रोल गाडीपेक्षा लहान आहे, आणि सासूबाईंची चाकाची खुर्ची घडी करूनही त्यात आडवी बसली नाही. मागची एक सीट पाडून ती उभी ठेवली तेव्हा मात्र बसली, आणि सासूबाईंनी स्वतः शेजारच्या सीटवर बसून पाय नीट मोकळे राहतात का, ते तपासून पाहिले. त्यांचा होकार आल्यावर बुकिंग केले. कोटेशनवर ‘स्ट्राँग हायब्रिड’ लिहून घेतले आहे, ए-१०३ दादांना कळावे. काका, पहिल्या तीन टाक्यांचे आकडे टाकी फुल ते टाकी फुल या पद्धतीने वहीत लिहून तुम्हाला आणून दाखवते.