बिजिनगा (सुंदर स्त्रियांची जपानी चित्रं) पद्धतीने पुरुष रंगवताना काय चुकतंय?

गेरू_काव
मी संभाजीनगरला चित्रकलेचे वर्ग घेते. तीन वर्षं पुस्तकांवरून निहोंगा (पारंपरिक जपानी चित्रशैली) शिकतेय. मागच्या महिन्यात धाकट्या भावाचं चित्र केलं. रेशमावर गोफुनचे (शिंपल्यांची पांढरी भुकटी, सरसात कालवलेली) चार पातळ हात, वर शाईच्या रेघा. आईने पाहून विचारलं, "ही कोण गं?" फार लागलं मला. मला माझा भाऊच सुंदर दाखवायचा होता.

जपानी चित्रकार किमुरा र्‍योको (जन्म १९७१, क्योतो) २००५पासून याच परंपरेतून देखणे पुरुष रंगवताहेत. त्यांचे पुरुष नाजूक असले तरी पुरुषच वाटतात. त्यांची चित्रं कुणी प्रत्यक्ष पाहिली आहेत का?

उरावाकर
हो ताई. २०२१मध्ये सैतामाच्या आधुनिक कला संग्रहालयात फक्त देखण्या पुरुषांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं, 'बिनान नी ओवासु'. हे शब्द योसानो अकिकोंच्या कवितेतले. कामाकुराचा बुद्ध देव खरा, पण काय देखणा आहे, असं त्या म्हणतात. 'बिजिन' म्हणजे नुसता 'सुंदर माणूस', तरी बिजिनगा म्हटलं की बाईचंच चित्र. पुरुषांच्या चित्रांना असं रूढ नावच नाही.

किमुरांचा २०११चा घडीचा पडदा तिथे होता, पुरुषांचं नंदनवन. त्यापुढून माझा पाय निघेना. इतकी वर्षं संग्रहालयांत फिरते, पण एखाद्या बाईने पुरुषाकडे इतकं आवडीने, न लाजता पाहिलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. तुम्ही भावाला समोर बसवलं होतंत, की फोटोवरून केलंत?

जुना_सरस
गेरूताई, आईंचं काही चुकलं नाही. अठराव्या शतकातल्या सुझुकी हारुनोबुच्या चित्रांतही कोवळा मुलगा आणि मुलगी कित्येकदा केसांच्या ठेवणीवरूनच ओळखावी लागतात. पुस्तकातला चेहरा गिरवलात की तो साचा आपोआप येतो.

गोफुनचे दोनच हात द्या आणि दुसऱ्यात चिमूटभर गेरू घाला. कातडीची रेघ काळी नको, तांबूस ठेवा. चेहरा शेवटी घ्या. आधी मान, गळ्याची घाटी, मनगट काढा, तिथे साचा हाताशी नसतो, बघावंच लागतं. सरस रोज ताजा करा, आपल्याकडच्या उकाड्यात तो लवकर नासतो.

एक आणखी. किमुरांचं पदव्युत्तर शिक्षण भित्तिचित्राचं आहे आणि तुमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर पद्मपाणी आहे! अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व. रुंद खांदे, बारीक कंबर, हातात निळं कमळ, झुकलेली नजर. त्याला कुणी बाई म्हणत नाही. १९१७-१८च्या हिवाळ्यात अराई कांपो हे जपानी चित्रकार तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला आले होते.

गेरू_काव
फोटोवरूनच केलं होतं, उरावाकर. आणि खरं सांगते, फोटोकडेही फार वेळ पाहिलं नाही. भाऊ म्हणजे भाऊ, त्याच्याकडे असं टक लावून कोण बघतं? विठोबाचं रूप आपण डोळे भरून पाहतो, घरातल्या पुरुषाला मात्र 'बरा दिसतोस' यापलीकडे काही म्हणत नाही.

सरसदादा, पद्मपाणी शाळेच्या सहलीपासून पाहतेय, पण त्याची मान कधी पाहिली नव्हती. लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून मंगळवारी जातेय. भाऊही येतोय. परतल्यावर त्याला खिडकीपाशी बसवणार, यावेळी सुरुवात मनगटापासून.