‘आरोग्यसाक्षरता’ म्हणावं की ‘आरोग्यभान’?

अनुवादक, मांजलपूर

एका अहवालाचं मराठी करतेय. विषय आहे, अख्ख्या देशाच्या लोकसंख्येची ‘हेल्थ लिटरसी’ मोजायची कशी. ‘आरोग्यसाक्षरता’ लिहीत गेले आणि एका वाक्याशी अडले. युरोपातल्या पाहणीत जवळपास निम्म्या लोकांची हेल्थ लिटरसी ‘लिमिटेड’ निघाली, असं ते वाक्य. ‘निम्मे लोक आरोग्य-निरक्षर’ असं लिहू का? सुटसुटीत आहे, पण मन घेत नाही.

निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार

मन घेत नाही ते बरोबरच आहे. साक्षर म्हणजे ज्याला अक्षर येतं तो. जनगणनेची व्याख्या बघा: वय 7 वर्षं किंवा जास्त आणि कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येतं, तो साक्षर. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते याच अर्थाच्या साक्षरतेसाठी. त्यात लसी आणि मधुमेह कुठून आले? मी ‘आरोग्यभान’ सुचवेन. 1931 चा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश आपल्याच बडोद्याचा. कारभारातल्या एकेका शब्दाचे आठ भाषांतले प्रतिशब्द त्यात शेजारी-शेजारी मांडलेत. शब्द ठरवायचा तर असा सगळीकडून पाहून ठरवावा.

आरोग्य-पाहण्यांत काम केलेली, अलकापुरी

सर, नमस्कार. ‘भान’ फार चांगला शब्द आहे, पण इथे तो पुरा पडत नाही. भान म्हणजे जाणीव. तंबाखू वाईट याचं भान खाणाऱ्यालाही असतं. इथे जे मोजतात ते जाणिवेच्या पुढचं आहे. शेजारी पाहायचं म्हणाल तर गुजरातीत ‘आरोग्य साक्षरता’च चालतं, हिंदीत ‘स्वास्थ्य साक्षरता’. आणि ‘साक्षरता’ मराठीत केव्हाच अक्षरांच्या बाहेर पडली आहे. ‘संगणक साक्षरता’, ‘अर्थसाक्षरता’, ‘जलसाक्षरता’ आपण सहज म्हणतो. विहिरीच्या पाण्यात कुठली अक्षरं?

ताई, आता तुमचं वाक्य. ते बहुधा 2011 च्या युरोपीय पाहणीतलं असणार. आठ देश, प्रत्येकात साधारण 1000 माणसं, 47 प्रश्न. त्या प्रश्नांमागे चार क्रियापदं आहेत आणि माझ्या मते या विषयाचं मराठी तिथूनच सुरू करावं: माहिती मिळवणं, समजणं, पारखणं, वापरणं. ही चारही तीन ठिकाणी लावून बघायची: आजारी पडल्यावर, आजार टाळताना आणि तब्येत राखताना. असे बारा चौकोन होतात. त्यातल्या तिसऱ्याला, इंग्रजीतल्या ‘अप्रेझ’ला, ‘मूल्यमापन’ लिहू नका. सोनार सोनं पारखतो तसं हे काम आहे: कानावर आलेलं खरं किती आणि आपल्या उपयोगाचं किती.

प्रश्न कसे विचारतात तेही बघा. डॉक्टर काय सांगतात ते समजणं तुम्हाला किती सोपं किंवा अवघड जातं? दुसऱ्या डॉक्टरांचं मत कधी घ्यावं हे ठरवणं? माध्यमांतली आजारांची माहिती भरवशाची आहे की नाही हे ओळखणं? उत्तरं चार: फार अवघड, अवघड, सोपं, फार सोपं.

म्हणजे विचारलंय ‘किती अवघड जातं’. या उत्तरात माणूस आहेच, पण घाईत बोलणारा डॉक्टरही आहे, न लागणारं अक्षर आहे, पाच खिडक्या फिरवणारं रुग्णालय आहे. ‘निरक्षर’ म्हटलं की सगळा दोष त्या माणसाच्या माथी आणि व्यवस्था नामानिराळी. म्हणून मला तो शब्द अन्यायाचा वाटतो.

आणखी एक. तुमच्या अहवालात अमेरिकेची 2003 ची पाहणी असेल तर तिचे आकडे युरोपच्या रांगेत बसवू नका. तिथे 19,000 हून जास्त प्रौढांच्या हातात प्रत्यक्ष कागद दिले आणि कामं करून घेतली: औषधावरच्या सूचना वाचून गोळी कधी घ्यायची ते सांगा, तक्ता बघून लस कधी ते सांगा. 36 टक्के लोक खालच्या दोन पातळ्यांत राहिले. तिथे पाहिलं ‘करता आलं का’, युरोपात विचारलं ‘कसं वाटतं’. मराठीत ही दोन क्रियापदं वेगळी ठेवलीत तर वाचकाचा घोटाळा होणार नाही.

अनुवादक, मांजलपूर

काकू, अहवालात 66 शब्दांच्या एका चाचणीचाही उल्लेख आहे. शब्द मोठ्याने वाचायचे, बस. तिची मराठी यादी परिशिष्टात द्यावी का?

आरोग्य-पाहण्यांत काम केलेली, अलकापुरी

मुळीच देऊ नका. ती 1990 च्या दशकातली अमेरिकी चाचणी. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ नाही, त्यामुळे शब्द नीट उच्चारला तर तो ओळखीचा आहे असं मानता येतं. देवनागरीत तसं होत नाही. चौथीतला मुलगा ‘स्वादुपिंड’ खणखणीत वाचेल आणि ते पोटात कुठे असतं, काय करतं, हे त्याला ठाऊक नसेल. स्पॅनिशचीही हीच अडचण, तिथेही लिहिलं तसंच वाचतात. म्हणून 2006 मध्ये स्पॅनिशसाठी 50 शब्दांची वेगळी चाचणी तयार झाली: शब्द वाचा आणि समोरच्या पर्यायांतून त्याच्याशी जुळणारा निवडा. मराठी करायचीच तर त्या वाटेने.

औषधदुकानदार, रावपुरा

दुकानात बसून जे दिसतं ते लिहितो. सांगलीकडून लेकीकडे आलेल्या एक बाई, चांगल्या पदवीधर. आमच्या मुलाने गोळी देताना गुजरातीत सांगितलं, ‘जम्या पछी लेजो’. म्हणजे जेवणानंतर घ्या. बाईंनी ऐकलं ‘जमल्यावर घ्या’. जमेल तेव्हा घेत राहिल्या, कधी सकाळी, कधी निजताना. पुढच्या वेळी आल्या तेव्हा बोलण्यातून कळलं. आता मराठी गिऱ्हाईक दिसलं की मुलगा पाकिटावर ताट काढून देतो. या बाईंना निरक्षर कसं म्हणणार?

आणि ओआरएस. एक लिटरची पुडी, पण लोक ती पेलाभर पाण्यात घालतात. पुडीवर लिहिलेलं असतं, वाचताही येतं. पण घरात लिटरचं माप कुणाकडे असतं? मी सांगतो, पाण्याची लिटरची बाटली घ्या. अँटिबायोटिकच्या पट्टीवरच्या लाल रेघेचंही तसंच. 2016 पासून सरकार सांगतंय की ही रेघ असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. कित्येकांना ती रेघ म्हणजे वेष्टनाची नक्षी वाटते.

अनुवादक, मांजलपूर

दादा, ‘जम्या पछी’ मी टिपून ठेवलं. काकू, शेवटचं विचारते. युरोपच्या पाहणीत चार पातळ्या आहेत: इनॅडिक्वेट, प्रॉब्लेमॅटिक, सफिशिअंट, एक्सलंट. दुसरीला ‘समस्याग्रस्त’ लिहिलंय.

आरोग्य-पाहण्यांत काम केलेली, अलकापुरी

‘समस्याग्रस्त’ वाचून माणूसच काहीतरी बिघडलेला वाटतो. गुण 0 ते 50 असतात: 25 पर्यंत पहिली, 33 पर्यंत दुसरी, 42 पर्यंत तिसरी, त्यावर चौथी. मी अपुरी, अडखळती, पुरेशी, उत्तम असं म्हणेन.

निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार

‘अडखळती’ वाचनाला लागतं, मुलं अडखळत वाचतात. पुन्हा अक्षरांकडेच आलो की. ‘डळमळीत’ कसं वाटतं? आहे, पण भार पेलेल याची खात्री नाही. ‘आरोग्यभान’ मी मागे घेतो, त्या चार क्रियापदांमुळे.

आरोग्य-पाहण्यांत काम केलेली, अलकापुरी

‘डळमळीत’ पक्कं, सर. तर अपुरी 12 टक्के, डळमळीत 35 टक्के, आणि अहवालातलं ‘लिमिटेड’ ही या दोहोंची बेरीज. ताई, तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘आठ देशांतल्या पाहणीत 47 टक्के लोकांची आरोग्यसाक्षरता अपुरी किंवा डळमळीत आढळली, म्हणजे आरोग्याची माहिती मिळवणं, समजणं, पारखणं आणि वापरणं त्यांना अवघड जातं.’ लांब झालं तरी असू द्या. आणि ‘आरोग्यसाक्षरता’ सगळीकडे जोडूनच लिहा, ‘जलसाक्षरता’ लिहितो तसं.