सागवानी आरामखुर्ची आणली आहे. आधी पॉलिश काढू की आधी सांधे?

ओसरीवरची

रत्नागिरीकडच्या घरातली लांब हातांची आरामखुर्ची पुण्याला आणली आहे. लाकूड सागवान. अवस्था अशी:

पॉलिश काळंकुट्ट, हातांवर चिकट. उजवा पुढचा पाय हलतो आणि बसलं की करकरतं. त्या सांध्यात कोणीतरी कधीतरी दोन खिळे ठोकलेत. मागच्या आडव्या पट्टीला बारीक भोकं आहेत, खाली पिठासारखा भुसा पडतो. बैठकीचा वेत मधोमध फाटला आहे. वेताची चौकट ५० × ११० सेंमी, वेत ओवायची भोकं १० सेंमीत ८.

फर्निचरवाल्याचं म्हणणं: सँडर मारू, वेताऐवजी फोम बसवू, वर पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश). दोन दिवसांचं काम. मला वेत ठेवायचा आहे आणि शक्य तेवढं घरीच करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

रंध्याचा_भुसा

सँडर लावू देऊ नका. जुन्या सागावरचा तो तपकिरी-सोनेरी रंग वरच्या अगदी पातळ थरात असतो. एकदा गेला की खालून फिकट लाकूड निघतं, मग त्यावर रंग चढवून जुनेपणाचं सोंग करावं लागतं. शिवाय हातांच्या गोलाईवर आणि कोरीव कडांवर सँडर पहिला घाव घालतो.

क्रम असा ठेवा: कीड, वेत कापून काढणं, सांधे, सफाई, पॉलिश, आणि नवा वेत सगळ्यात शेवटी. वेत आधी विणलात तर पॉलिश त्यावर सांडेल. पॉलिश आधी केलंत तर सांधा उघडताना ते फुटेल.

कीड आधी ओळखा. पडलेला भुसा काळ्या कागदावर घ्या आणि बोटांत चोळा. टाल्कम पावडरसारखा मऊ लागला आणि भोकं १-२ मिमीची असली, तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा. खसखशीसारखे सुटे, कडक दाणे असतील तर कोरड्या लाकडातली वाळवी. मातीच्या नळ्या दिसल्या तर जमिनीतून येणारी वाळवी. मग खुर्चीपेक्षा घराची काळजी करा.

तुमच्या वर्णनावरून भुंगेरा वाटतो. तो सागाच्या गाभ्याला सहसा हात लावत नाही, बाहेरच्या पांढऱ्या लाकडात शिरतो. पट्टी उलटी करून बघा, एका कडेला फिकट पट्टा दिसेल आणि भोकं तिथेच असतील. पट्टीला अणकुचीदार टोच्या दाबून बघा. २-३ मिमीच्या आत कडक लागलं तर पट्टी वाचते. टोच्या आरपार गेला तर तेवढीच पट्टी जुन्या सागाची नवीन करून घ्या.

पॉलिश कोणतं आहे तेही आजच कळेल. खुर्चीच्या खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट धरा. चिकट होऊन कापसाला तपकिरी रंग आला तर लाख. स्पिरिटनं काही झालं नाही, पण एनसी थिनरनं (लॅकर पातळ करायचं द्रावण) विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म हललं नाही तर तेलाचं वार्निश, मेलामाइन किंवा पीयू.

खाली कुठे जुना ऑइलपेंट सापडला तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून आहे, त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरता येत नाही. पाणी मारून ओला घासा, मास्क लावा, लहान मुलं लांब ठेवा.

ओसरीवरची

स्पिरिटनं लगेच चिकट झालं, कापूस तपकिरी. भुसा पिठासारखा आणि भोकं फक्त फिकट कडेला. टोच्या २ मिमीपेक्षा जास्त जात नाही. भोकांत रॉकेल सोडावं का? घरचे तेच सांगताहेत.

रंध्याचा_भुसा

रॉकेल नको. वास महिनोन्‌महिने जात नाही, आत खोलवरच्या अळ्या मरतील याची खात्री नाही आणि वर पॉलिश धरत नाही.

१ लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स (सवागी) आणि ४० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा. दोन्ही एकत्र टाकली की एकट्यापेक्षा जास्त विरघळतात, म्हणून हे प्रमाण. मात्र पॉलिशवरून पाणी आत जात नाही. त्या पट्टीवरची लाख स्पिरिटनं पुसून लाकूड उघडं करा, मग ब्रशनं तीन हात, मध्ये एकेक तास सोडून. भोकांत इंजेक्शनच्या सिरिंजनं सोडा. एका भोकात सोडलेलं दुसऱ्यातून बाहेर येतं, डोळे सांभाळा. आठवडाभर सावलीत वाळू द्या. पांढरी पूड वर आली तर ओल्या फडक्यानं पुसा. मग खाली काळा कागद अंथरून ठेवा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत नवा भुसा पडला नाही तर काम झालं, मग भोकं मेणानं बुजवा. भोकं आधीच बुजवलीत तर कीड जिवंत आहे की मेली ते कळायचं कसं?

आता सांधा. खिळे आधी काढायचे. डोकी आत गेली असतील तर भोवतीचं लाकूड खणू नका. लोखंडी नळीच्या टोकाला करवतीसारखे दात पाडून ती खिळ्याभोवती फिरवली की नळीएवढीच खुंटी पुढे बसवता येते. जुन्या कामात सांध्याला आरपार बांबूची किंवा लाकडाची खुंटीही असते. ती दिसली तर तिच्याहून जरा बारीक ड्रिलनं पोखरून काढा. खुंटी आत असताना हातोडी मारली तर कुसू (सांध्याच्या भोकात बसणारी लाकडाची जीभ) मुळातून तुटतो.

प्रत्येक भागावर मास्किंग टेपचा तुकडा लावून क्रमांक लिहा, डावा-उजवा, वर-खाली. आत बहुधा सरस असेल. निम्मं कोमट पाणी, निम्मा व्हिनेगर सिरिंजनं सांध्यात सोडा, १५ मिनिटं थांबा, मग फळीचा तुकडा मध्ये धरून लाकडी मोगरीनं हलके ठोके. नाही सुटला तर पुन्हा भिजवा, जोर वाढवू नका. फक्त हलणारे सांधे उघडायचे. घट्ट आहेत त्यांना छेडू नका.

जुना सरस कुसवावरून आणि भोकातून पूर्ण खरवडा, लाकूड दिसेपर्यंत. फेविकॉल जुन्या सरसावर चिकटत नाही. वरून फेविकॉल सोडलेल्या खुर्च्या सहा महिन्यांत परत डुलायला लागतात त्या याचमुळे. कुसू भोकात ढिला असेल तर त्याच्या गालांवर (सपाट बाजूंवर) सागाच्या पातळ पापुद्र्याचे तुकडे चिकटवून जाडी भरून काढा. हातानं दाबून आत जाईल आणि उलटं धरल्यावर पडणार नाही, इतपत घट्ट. फेविकॉलनं फट भरत नाही.

साग तेलकट असतो. चिकटवण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी दोन्ही बाजू ॲसिटोननं पुसा, तेल वर यायच्या आत जोडा. क्लॅम्प नसेल तर सुती दोरीचे दोन फेरे आणि मध्ये काठी घालून पीळ. काठी पिळायच्या आधी खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात का बघा आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले पाहिजेत. चोवीस तास हात लावू नका.

सरस की फेविकॉल? सरस पुन्हा उघडता येतो, म्हणून मला तो आवडतो. पण त्याचे दाणे रात्रभर गार पाण्यात भिजवून पातेल्यात पातेलं ठेवून ६० अंशांवर वितळवावे लागतात, उकळला तर ताकद जाते. पुण्याच्या हवेत सरस टिकेल. खुर्ची परत कोकणात जाणार असेल तर पाण्याला टिकणारा फेविकॉलच बरा.

चपडी

वरच्याशी सहमत. पॉलिशबद्दल लिहितो.

लाख आहे ना, मग रिमूव्हरची गरजच नाही. कॉस्टिक सोडा तर कोणी कितीही म्हणो, वापरू नका. साग काळा पडतो आणि सांधे सुटतात. तो काळेपणा बराचसा पॉलिशचा नसून धूर, तेल आणि घामाचा असतो. आधी पिळलेल्या फडक्यानं सौम्य साबणाचं पाणी, लगेच कोरडं. मग टर्पेंटाइनचं फडकं, त्यानं मेण आणि तेल निघतं, लाखेला धक्का लागत नाही. बऱ्याचदा इथेच खुर्ची ओळखू येईनाशी होते. उरलेला चिकट थर स्पिरिटच्या फडक्यानं, एका वेळी वीतभर जागा, फडकं सारखं बदलत. तारेची घासणी नको, लोखंडाचे कण सागात अडकून काळे ठिपके पडतात.

नवीन पॉलिश: चपडी लाख १०० ग्रॅम, स्पिरिट ५०० मिली, काचेच्या बरणीत. पत्र्याच्या डब्यात लाख काळी होते. रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा, मलमलीतून गाळा. एका खुर्चीला पुरून उरेल. सहा महिन्यांनी उरलेली टाकून द्या, जुनी लाख वाळत नाही. शंका आली तर काचेवर थेंब टाका. तासाभरात नख रुतेनासं व्हायला हवं.

पहिला हात निम्मं स्पिरिट घालून पातळ. वाळला की ३२० च्या पॉलिश पेपरनं हलकं. मग मलमलीत कापूस बांधलेली पुरचुंडी घ्या, टोकाला जवसाच्या तेलाचा एक थेंब, आणि आठाच्या आकड्यासारखा हात फिरवत राहा. लाकडावर थांबू नका, थांबलात की तिथली लाख उचलली जाते. एका बैठकीत तीन-चार फेरे, मग सहा-आठ तास विश्रांती. अशा चार बैठका.

तेल लागलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, गोळा केलेली फडकी आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. स्पिरिटचं काम खिडक्या उघड्या ठेवून, जवळ गॅस किंवा समई नको.

आणि पाऊस संपू द्या. दमट हवेत लाखेवर दुधाळ ढग येतो. आलाच तर कोरड्या दिवशी स्पिरिट जेमतेम ओलावलेली पुरचुंडी वरून फिरवली की जातो.

मीठगर

हातांवर लाख टिकणार नाही हो. आरामखुर्चीच्या हातावर चहाचा कप ठेवला जाणारच, आणि गरम कपाखाली लाख मऊ होऊन गोल डाग पडतो. घामानंही चिकट होते. प्रश्नातल्या खुर्चीचे हात चिकट आहेत ते त्यामुळेच. तिथे तरी पीयू मारा.

चपडी

डागाचं बरोबर आहे. पण पीयूवर ओरखडा पडला की अख्खा हात खरवडावा लागतो, लाखेचा नवा थर मात्र जुन्यात विरघळून एकजीव होतो. मधला मार्ग: दोन्ही हातांवर लाख न लावता तेलाच्या वार्निशचे तीन पातळ हात, प्रत्येकी चोवीस तासांच्या अंतरानं. बाकी सगळीकडे लाख. हातांवर पीयूच हवं असेल तर आधी सगळी जुनी लाख उतरवा, कारण साध्या लाखेत मेण असतं आणि पीयू त्यावर धरत नाही, पापुद्रे सुटतात.

वेत_आणि_वीण

वेताकडे कोणी वळलं नाही म्हणून लिहिते.

तयार विणलेली जाळी घेऊ नका. ती बसवायला चौकटीत खोबण लागते, तुमच्या चौकटीला भोकं आहेत. खोबण पाडायची म्हणजे भोकांची रांगच कापायची. प्लास्टिकचा वेतही नको, तो उन्हाळ्यात सैल पडतो आणि पाठीला चिकटतो.

१० सेंमीत ८ भोकं म्हणजे अंतर १२.५ मिमी. त्याला २.२५ मिमी रुंदीची पट्टी. अंतर १६ मिमी असतं तर २.५, १९ मिमीला ३. जाड पट्टी घेतलीत तर तिरप्या फेऱ्यांना भोकात जागाच उरत नाही. किती लागेल: क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, गुणिले ७, भागिले अंतर मीटरमध्ये. ०.५५ × ७ ÷ ०.०१२५ = ३०८ मीटर. तुटफूट धरून ३५५ मीटर घ्या. शिवाय कडेला झाकायला ४-५ मिमीची रुंद पट्टी, साधारण ४ मीटर.

जुना वेत कापताना एक कोपरा अख्खा जपून ठेवा, नमुना म्हणून. भोकं साफ करा, आत जुन्या वेताच्या गाठी आणि पॉलिश बसलेलं असतं.

पट्टी कोमट पाण्यात १५-२० मिनिटं. तासभर भिजवली तर काळपट पडते. चकचकीत बाजू नेहमी वर. पहिला फेरा उभा, मधल्या भोकापासून सुरू. दुसरा आडवा, नुसता वरून. तिसरा पुन्हा उभा, त्याच भोकांतून, पहिल्याच्या उजवीकडे सरकवून. चौथा आडवा: हा विणायचा, तिसऱ्याच्या वरून आणि पहिल्याच्या खालून. पहिले दोन फेरे किंचित सैल सोडा. पुढचे फेरे ताण भरतात. सुरुवातीलाच ताणलंत तर सहाव्या फेऱ्यात पट्टी तुटते.

पाचवा आणि सहावा तिरपे. एक उभ्या जोड्यांच्या वरून आणि आडव्यांच्या खालून, दुसरा बरोबर उलटा. दिशा बरोबर असेल तर तिरपी पट्टी जोडीच्या फटीत अलगद सरकून बसते. अडखळली, कडा घासल्या, तर दिशा उलटी आहे. तिथेच उसवा. चुकीच्या दिशेनं विणलेली बैठक दिसायला तीच, पण वर्ष-दोन वर्षांत चौकोनांच्या कोपऱ्यांवर झिजून तुटते.

खालच्या बाजूला लाख किंवा वार्निश लावू नका. पुढे बैठक सैल पडली की खालून गरम पाण्याचं फडकं दाबायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं, वेत आक्रसून पुन्हा ताठ होतो. पॉलिश असेल तर पाणी शिरत नाही.

ओसरीवरची

सगळ्यांचे आभार. खिळे निघाले, नळीची युक्ती चालली. पण खिळ्यांभोवती लाकडात निळसर-काळे डाग आहेत, स्पिरिटनं जात नाहीत.

रंध्याचा_भुसा

लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनचा डाग आहे तो. १ लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, प्लास्टिकच्या भांड्यात, हातमोजे घालून. ब्रशनं डागावर लावा. फक्त डागावर लावलं तर तिथे फिकट टिकली दिसेल, म्हणून शेवटी तो अख्खा पाय एकदा पुसून घ्या. डाग वीस-पंचवीस मिनिटांत उतरतो, हट्टी असेल तर दुसरा हात. मग साध्या पाण्यानं तीन वेळा पुसा, मधल्या वेळी चमचाभर खाण्याचा सोडा घातलेलं पाणी. नीट धुवायच्या आधी तिथे पॉलिश पेपर लावू नका, ती धूळ नाकाघशाला फार लागते आणि विषारी असते. दोन दिवस वाळल्यावर मगच सांधा चिकटवा. नवीन खुंटी लाकडाची, आणि कुठे स्क्रू लागलाच तर पितळी.