वाचाघात: आधी मराठी चाचणी, की आधी उपचार?

मुठाकाठ: पक्षाघातानंतर वाचाघात (मेंदूच्या इजेमुळे बोलणे, समजणे बिघडणे) झालेल्या रुग्णाची भाषा तपासताना आपण अजूनही बव्हंशी इंग्रजी चाचण्यांच्या रूपांतरांवर विसंबतो. बोस्टन येथे तयार झालेल्या नामकथन चाचणीत (चित्र पाहून नाव सांगण्याच्या चाचणीत) बीव्हर, इग्लू आणि प्रेट्झेल अशा आपल्याकडे अनोळखी गोष्टींची चित्रे आहेत. कसबा पेठेतल्या आजींना ती ओळखता आली नाहीत, तर दोष मेंदूच्या इजेचा की चित्राचा? चित्रे बदलता येतात, व्याकरणाचे काय? 'रामाने आंबा खाल्ला', पण 'रामाने पोळी खाल्ली': येथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. ब्रोका प्रकारच्या वाचाघातात (ज्यात बोलणे तुटक होते) असेच प्रत्यय डळमळतात, आणि इंग्रजीवर बेतलेली चाचणी तिकडे पाहतच नाही. म्हणून संशोधनाचा पैसा आधी अस्सल मराठी चाचण्यांवर खर्च व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

वाचा-उपचारक, कोथरूड: अडचण मान्य, क्रम अमान्य. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ सालच्या आढाव्यात उपचारांचे ५७ प्रयोग तपासले गेले आणि वाचा-उपचारांनी रोजच्या व्यवहारातला संवाद सुधारतो, असे दिसले. अधिक सघन उपचार काहींना अधिक लाभतात, मात्र ते मध्येच सोडणारेही अधिक असतात. आपल्याकडे आठवड्यातून एकदा येणेही अनेकांना जमत नाही. अशा वेळी घरच्यांना शिकवणे (एका वेळी एकच प्रश्न विचारणे, हाताशी कागद-पेन्सिल ठेवणे, उत्तरासाठी थांबणे) हे मला कोणत्याही नव्या चाचणीपेक्षा निकडीचे वाटते.

एका रुग्णाची मुलगी: बाबांच्या चाचणीचे गुण आम्हाला समजावून सांगितले गेले, पण घरी त्यांच्याशी बोलायचे कसे, हे कोणीही सांगितले नाही. ते शब्द शोधत असत आणि आम्ही घाईने त्यांचे वाक्य पुरे करत असू. माझे मत उपचारकांच्या बाजूने आहे.

मुठाकाठ: ताई, आपण सांगता ती उणीव गंभीर आहे, आणि ती भरून काढायलाच हवी. तरीही उपचाराने मराठी बोलणे सुधारले की नाही, हे मराठीचे मोजमाप नसताना कशावरून म्हणायचे? उपचाराच्याच वेळी 'चहा कसा करतात ते सांगा' असे विचारून उत्तर ध्वनिमुद्रित केले, तर त्यातूनच चाचणीची सामग्री उभी राहील.

वाचा-उपचारक, कोथरूड: ध्वनिमुद्रणाला माझी हरकत नाही. पण ज्याला लांब वाक्य समजत नाही, त्याच्यापुढे पानभर संमतीपत्र ठेवून सही घेणे मला पटत नाही. संमती चित्रांच्या आधारे, सावकाश समजावून घ्यावी लागेल. तेवढा वेळ आज ज्यांच्याकडे नाही, त्यांनी तो आधी रुग्णाच्या घरच्यांना द्यावा, हे माझे म्हणणे कायम आहे.