ब्रँडची कम्युनिटी म्हणजे फुकटात राबणारे सपोर्ट एजंटच ना?

खडूस_गिऱ्हाईक
हल्ली बघावं त्या कंपनीला स्वतःची कम्युनिटी, म्हणजे गिऱ्हाइकांचा ऑनलाइन फोरम, पाहिजे असते, "आमच्या परिवारात या" वगैरे. आत जाऊन बघा, विचारणारे गिऱ्हाईक, उत्तरं देणारे पण गिऱ्हाईकच, आणि कंपनीचा माणूस उगवतो तो फक्त ऑफर टाकायला. एका राउटरवाल्यांकडे मी बरेच महिने लोकांची सेटिंगं लावून दिली, मिळालं काय तर नावापुढे सोनेरी बॅज. पुढे अपडेटनंतर माझंच वायफाय सारखं तुटायला लागलं म्हणून पोस्ट टाकली तर ती संध्याकाळपर्यंत गायब! कॉल सेंटरचा पगार वाचवायचे धंदे आहेत सगळे. पटत नसेल तर बोला.

मॉडताई
बोलते, कारण मी अशाच एका कंपनीच्या कम्युनिटीची मॉडरेटर आहे, म्हणजे तिथल्या पोस्टवर लक्ष ठेवते. पोस्ट उडवली ते चूकच. पण "राबवून घेतात" हे काही पटत नाही. वेबसाइट लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नीलसनने २००६ मध्येच लिहून ठेवलंय की अशा ठिकाणी साधारण ९०% लोक नुसते वाचतात, ९% अधूनमधून काहीतरी लिहितात आणि बहुतेक मजकूर १% लोकांचा असतो. त्या १%ला कोणी धरून बसवलेलं नसतं हो, त्यांना त्या वस्तूचं वेड असतं. पैसे द्यायला लागलं की पहिलं ते वेड जातं आणि मग "रीस्टार्ट करून बघा" असली उत्तरं धडाधड पडायला लागतात, कारण मोजणी उत्तरांची असते.

आकडेमोड
हे सरसकट खरं नाही ताई. ब्रिटनमधली गिफगॅफ ही मोबाइल कंपनी २००९ पासून याच्यावरच चाललीय, कॉल सेंटर नाही, मेंबरच एकमेकांना मदत करतात आणि त्याचे पॉइंट मिळतात ज्यांचे पैसे करून घेता येतात. लेगो आयडियाज या खेळण्यांवाल्या लेगोच्या साइटवर चाहते सेटची डिझाइनं टाकतात, तिथे तुमच्या डिझाइनला १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी ते तपासते आणि सेट बाजारात आलाच तर निव्वळ विक्रीच्या १% डिझाइन करणाऱ्याला. वेड गेलं का तिथलं? उलट रांग आहे.

मॉडताई
लेगोचं वेगळं, तिथे एकाच मोठ्या कामाचा मोबदला आहे. रोजच्या बारीक मदतीचं काय? १९७३ चा लेपर, ग्रीन आणि निस्बेटचा प्रयोग आहे, चित्र काढायची आवड असलेल्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं तर नंतर ती आपणहून कमी चित्रं काढायला लागली.

खडूस_गिऱ्हाईक
ती बालवाडीतली पोरं होती ताई, त्यांना वीजबिल येत नाही 😀 आणि गाडी पैशांवर नेऊ नका, मूळ मुद्दा पोस्ट उडवण्याचा आहे.

मॉडताई
बरं, आतली गोष्ट ऐका. अपडेट बिघडलं की एकाच तक्रारीचे दहा-बारा धागे (थ्रेड) उघडतात. मी ते एकात जोडते, वर मॉडेल नंबर आणि व्हर्जन लिहायला सांगते, "तपास चालू" असा टॅग लावते आणि रोज एक ओळ टाकते, भले नवीन काही नसेना, कारण दोन दिवस गप्प बसलं की लोक पेटतात. हे सगळं चालू असताना मार्केटिंगवाल्यांचा फोन येतो, गुरुवारी लाँच आहे, तेवढा धागा खाली घ्या ना. खरी मारामारी तिथे असते. मॉडरेटर मार्केटिंगच्या हाताखाली असेल तर पोस्ट उडते, सपोर्ट किंवा प्रॉडक्टच्या हाताखाली असेल तर बहुतेक वेळा राहते. कम्युनिटी बघायला माणूस ठेवताना तो कोणाला रिपोर्ट करणार हेच कोणी विचारत नाही!!

निवांत_वाचक
मी त्या ९०% मधला. तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या धाग्यात माझ्याच प्रॉब्लेमचं उत्तर सापडतं तेव्हा लिहिणाऱ्याला पैसे मिळाले का बॅज, काय फरक पडतो. फक्त तो धागा सर्चमध्ये यायला हवा. चॅट ग्रुपवर कम्युनिटी काढणाऱ्यांना कोणीतरी समजवा, तिथलं उत्तर दुसऱ्या दिवशी गाडलं जातं आणि तोच प्रश्न परत.

आकडेमोड
तक्रार दाबून उपयोगही नसतो. स्पीकर बनवणाऱ्या सोनोसने मे २०२४ मध्ये नवीन ॲप आणलं, स्लीप टायमरसारख्या रोजच्या गोष्टी त्यात नव्हत्याच, गिऱ्हाइकांनी सगळीकडे बोंब ठोकली आणि जानेवारी २०२५ मध्ये सीईओ पायउतार झाले. एका ठिकाणची पोस्ट उडवून काय थांबणार होतं?

खडूस_गिऱ्हाईक
मग तेच म्हणतोय ना मी! मोबदला नका देऊ, पण जो माणूस तुमचं काम हलकं करतो त्याची तक्रार तरी आधी वाचा. ताईंसारखे मॉडरेटर असतील तर ठीक आहे, आमच्या नशिबी मार्केटिंगवालाच होता.

मॉडताई
तरी पैशांचं मला अजून पटलेलं नाही हं. उत्तर मान्य झालं तरच पॉइंट, नुसत्या पोस्टला नाही, असं असेल तर एकवेळ विचार करेन.